काळजातलं हाड



माझे एक मामा इंदूरला असतात. सात वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला. त्यातून ते चांगले सावरले, रोज सकाळी फिरायला जातात. मागच्या हिवाळ्यात तपासणीसाठी त्यांचा सीटी स्कॅन झाला आणि रिपोर्टात एक ओळ आली. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाशी, जुन्या व्रणाच्या जागी, कॅल्सिफिकेशन. रात्री मामांचा फोन. "अरे, जन्मभर लोकांनी मला चुना लावला, तो आता काळजात जाऊन बसलाय म्हणे!" हसले खरे, पण दुसऱ्या दिवसापासून दूध बंद आणि जेवणानंतरच्या पानातला चुनाही बंद. मामी वैतागल्या. मामांचं म्हणणं एवढंच की जे पोटात जातं तेच काळजात साचणार.

मामांची समजूत खुळी नव्हती. वैद्यकशास्त्रानेही बरीच वर्षं थोडंफार तसंच मानलं होतं. म्हणून आज या विषयावर बोलू. हृदयात ही जी कठीण वस्तू सापडते ती नेमकी काय आहे? बंबात क्षार चढतात तसा आपोआप बसलेला चुना, की शरीराने स्वतः बांधायला घेतलेलं हाड? अडीचशे वर्षांपूर्वी ज्यांनी ती पहिल्यांदा सुरीने कापून पाहिली ते तिला सरळ हाड म्हणाले. पुढच्या पिढ्या चुना म्हणाल्या. आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्र पुन्हा हाडाकडे वळलं आहे.

सुरुवात इंग्लंडमध्ये होते, आणि ज्या माणसापासून होते त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे : एडवर्ड जेन्नर. देवीची लस शोधणारा. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती लस यशस्वीपणे टोचली गेली आणि तिथून हिंदुस्थानभर पसरली. पण लस शोधण्याच्या पुष्कळ आधी, जेन्नर एक साधा गावाकडचा डॉक्टर असताना, त्याच्या हातून एक वेगळाच शोध लागला होता.

छातीत कळ येऊन मेलेल्या एका रुग्णाचं शवविच्छेदन तो करत होता. १७६८ मध्ये विल्यम हेबरडेन या लंडनच्या डॉक्टराने या दुखण्याचं वर्णन करून त्याला अंजायना हे नाव दिलं होतं, पण दुखणं नेमकं कशाचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जेन्नरने हृदय आडवं कापायला घेतलं आणि सुरी कशावर तरी करकरली. इतकं कठीण की पात्याला खाच पडली. खोलीचं छत जुनं, पोपडे सुटलेलं. जेन्नरला वाटलं वरून गिलाव्याचा खडा पडला असावा, म्हणून त्याने मान वर करून छताकडे पाहिलं. खडा वरून पडला नव्हता. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्याच हाडाच्या नळ्या होऊन बसल्या होत्या.

या प्रसंगात मला सगळ्यात आवडतं ते छताकडे पाहणं. हृदयात दगड असेल यापेक्षा छतातून दगड पडला असेल हे त्याला अधिक शक्य वाटलं. आपण "दगडाचं काळीज" म्हणतो ते उपमा म्हणून. ती उपमा सुरीखाली येईल असं कोण धरून चालेल?

जेन्नरला दुखण्याचं कारण सापडलं होतं, आणि ते सांगायची त्याला चोरी झाली. कारण याच सुमारास त्याच्या गुरूला, जॉन हंटरला, तशाच कळा येत होत्या.

हंटर हा त्या काळच्या लंडनचा सगळ्यात नावाजलेला शल्यविशारद. जेन्नर तरुणपणी त्याच्या घरी राहून शिकला होता. १७७३ मध्ये हंटरला छातीत दुखण्याचा पहिला मोठा झटका आला. जेन्नरने लक्षणं ओळखली. १७७८ मध्ये त्याने हेबरडेनला पत्र लिहिलं, त्यात आपला संशय मांडला आणि आपली अडचणही मांडली : हे जाहीर केलं तर हंटरला आपल्या शरीरात काय चाललंय ते कळेल, आणि त्यावर उपाय तर काहीच नाही. तो गप्प बसला. वीस वर्षं गप्प बसला म्हणायला हरकत नाही. आजच्या डॉक्टराला हे पटणार नाही, रुग्णाला खरं सांगायला हवं असं आपण म्हणू. पण ज्या काळात हातात एक गोळीही नव्हती, त्या काळात जेन्नरने केलं ते मला भित्रेपणाचं वाटत नाही.

हंटर रागीट होता, आणि राग आला की कळ येते हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. कुणीही येऊन आपल्याला डिवचलं तर आपला जीव जाईल, असं तो म्हणत असे. झालंही तसंच. १६ ऑक्टोबर १७९३, लंडनचं सेंट जॉर्जेस हॉस्पिटल. विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यावरून मंडळाच्या बैठकीत वाद झाला, कुणीतरी हंटरचं बोलणं खोडून काढलं, तो उठून शेजारच्या खोलीत गेला आणि कोसळला. वय ६५.

त्याचं शवविच्छेदन झालं. एव्हरार्ड होम हा त्याचा मेहुणा आणि शिष्य, त्याने सगळं बारकाईने लिहून ठेवलं. कॉरोनरी धमन्यांच्या फांद्या हाडाच्या नळ्यांसारख्या, सुरीने कापता कापता मुश्कील. जेन्नरचा अंदाज खरा निघाला. पण होमच्या नोंदीत आणखी एक गोष्ट आहे, आणि आपल्या आजच्या विषयासाठी ती जास्त महत्त्वाची आहे. हृदयाच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, जवळजवळ दीड-दीड इंचाचे दोन पांढरे, अपारदर्शक डाग होते, बाकीच्या स्नायूहून अगदी निराळे. होमने तो पूर्वी कधीतरी झालेल्या दाहाचा परिणाम मानला. आज एखादा पॅथॉलॉजिस्ट ते वर्णन वाचेल तेव्हा त्याला जुन्या हार्ट अटॅकच्या व्रणाची शंका येईल. होमला ती येणं शक्य नव्हतं, कारण हार्ट अटॅक ही कल्पनाच तेव्हा नव्हती.

जेन्नरचं निरीक्षण शेवटी १७९९ मध्ये छापून आलं, बाथ गावच्या कॅलेब पॅरी या त्याच्या डॉक्टर मित्राच्या अंजायनावरच्या पुस्तकात. हंटर जाऊन सहा वर्षं झाली होती.

इथे थोडं आडवळण घेतो. हा हंटर हाडांचा मोठा अभ्यासक होता. १७३६ मध्ये जॉन बेल्चियर नावाचा शल्यविशारद एका कापड रंगवणाऱ्याच्या घरी जेवायला गेला. ताटात डुकराचं मांस, आणि हाडं पाहतो तर लालभडक. डुकरांना खायला रंगाच्या कारखान्यातला कोंडा घालत असत, आणि त्यात मॅडरचा लाल रंग होता. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण. हा रंग नव्याने तयार होणाऱ्या हाडात कॅल्शियमला चिकटतो. हंटरने हाच रंग वापरून डुकरांवर प्रयोग केले आणि दाखवून दिलं की हाड नुसतं वाढत जात नाही, एका बाजूने बांधलं जातं आणि दुसऱ्या बाजूने झिजवलं जातं. हाड म्हणजे जिवंत बांधकाम. मॅडरमधलं मुख्य रंगद्रव्य ॲलिझरीन, आणि त्यापासून केलेला ॲलिझरीन रेड हा रंग आजही प्रयोगशाळेत पेशींभोवती कॅल्शियम जमलं आहे की नाही ते पाहायला वापरतात. भाषण देताना मी त्याचं चित्र दाखवलं होतं. इथे एवढंच सांगतो की काचेच्या ताटलीत लाल ठिपके उठतात.

आता जर्मनीत येऊ. १८५८ च्या वसंतात रुडॉल्फ फिरखोने बर्लिनमध्ये डॉक्टरांपुढे वीस व्याख्यानं दिली. एका विद्यार्थ्याने ती लघुलिपीत उतरून घेतली आणि त्याच वर्षी त्यांचं पुस्तक निघालं. (बोललेल्याचं पुस्तक करण्याची रीत आपणच काढली असं कुणाला वाटत असेल तर ते राहू द्या.) सगळे रोग शेवटी पेशींचे असतात, हे त्या पुस्तकाचं सांगणं. त्यात धमन्यांच्या कठीण होण्यावरही तो बोलला. ऊती नुसती चुन्याने भरून दगडासारखी होणं वेगळं आणि तिथे खरं हाड तयार होणं वेगळं, असा भेद त्याने केला, आणि धमन्यांत दुसरी गोष्टही घडते असं ठासून सांगितलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला हाडाची घडण दिसली होती.

पण पुढे हे मागे पडलं. का पडलं, तेही समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक नमुन्यांत खरं हाड दिसत नाही, पावडरीसारखे कॅल्शियम फॉस्फेटचे कण दिसतात. १९०१ मध्ये हंगेरीच्या फॉन कोसाने चांदीच्या क्षाराने हे कण काळे करून दाखवायची पद्धत काढली. गंमत म्हणजे त्यात चांदी चिकटते ती फॉस्फेटला, कॅल्शियमला नव्हे. मग हे काळे ठिपके जिथे तिथे दिसू लागले : क्षयाच्या जुन्या गाठीत, मेलेल्या परजीवी जंतूंभोवती, आणि मेलेल्या स्नायूत. सगळीकडे एक गोष्ट समान, ऊती मेलेली किंवा मरायला टेकलेली. रक्तातलं कॅल्शियम तपासावं तर अगदी नॉर्मल. त्यावरून सरळ निष्कर्ष निघाला की मढ्याला चुना चिकटतो. त्यात कुणी काही करत नाही, कुणी करवत नाही. वैद्यकाच्या पिढ्यान्पिढ्या हेच शिकल्या. आणि ते अगदी चूकही नाही. पेशी मरते तेव्हा तिचं आवरण फुटतं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि तिथे कण धरू शकतात.

माझ्या मामांच्या शंकेचं उत्तर यातच आहे. अशा कॅल्सिफिकेशनमध्ये रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं नसतं. शरीर ते हाडं, मूत्रपिंडं आणि संप्रेरकं यांच्या मदतीने फार अरुंद मर्यादेत राखतं. मूत्रपिंडाचा विकार वगैरेंमुळे रक्तातलं कॅल्शियम-फॉस्फेटचं गणितच बिघडलं तर ती गोष्ट निराळी, आणि तो निराळा प्रकारही फिरखोनेच १८५५ मध्ये वर्णन केला होता.

मेलेला स्नायू तपासायचा तर आधी माणूस अटॅकमधून वाचायला हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत समज अशी होती की हृदयाची धमनी अचानक बंद झाली की माणूस जागीच संपतो. १९१० मध्ये कीव्हच्या ओब्राझ्त्सोव्ह आणि स्त्राझेस्को यांनी, आणि १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिकने सांगितलं की तसं नाही, माणूस जगू शकतो आणि जिवंतपणी हे निदानही करता येतं. सुरुवातीला हेरिककडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पण पुढे ईसीजी आला, १९६० नंतर हृदयरुग्णांसाठी वेगळे अतिदक्षता विभाग निघाले, गुठळी विरघळवणारी औषधं आली. अटॅक पचवून वीस-वीस वर्षं जगणारी माणसं घरोघरी दिसू लागली. आणि त्यांच्यापैकी काहींच्या छातीच्या एक्स-रेत हृदयाच्या कडेला एक पांढरी वक्र रेघ दिसायची, अंड्याच्या टरफलासारखी. जुन्या अटॅकने पातळ होऊन फुगलेल्या भिंतीत कॅल्शियम बसल्याची ती खूण. मामांच्या स्कॅनमध्ये दिसलं ते हेच. धमन्यांतलं कॅल्शियम वेगळं, ते अटॅकच्या आधीपासून असू शकतं. हे अटॅकच्या नंतरचं, खुद्द स्नायूतलं.

ते तिथे का त्रासदायक ठरतं? हृदयाचा स्नायू एकदा मेला की जवळजवळ पुन्हा उगवत नाही. पहिल्या काही दिवसांत ती जागा इतकी मऊ असते की भिंत फाटण्याची भीती असते. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी धावून येतात. त्या हृदयातले गवंडी समजा. त्या कोलॅजनचे धागे विणतात आणि काही आठवड्यांत घट्ट व्रण तयार होतो. तो आकुंचन पावत नाही, पण भिंत शाबूत ठेवतो, जीव वाचवतो. त्या व्रणात खनिज भरलं की तो ताठर होतो. शिवाय कॅल्शियमच्या खड्यातून विजेचा संदेश जात नाही. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या लाटेवर चालतो. लाटेच्या वाटेत खडा आला तर ती अडते किंवा वळसा घालते, आणि ठोक्यांची लय बिघडू शकते.

चुन्याची कल्पना डळमळायला लागली ती १९९० नंतर. त्याआधी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मार्शल युरिस्टने एक विलक्षण प्रयोग केला होता. हाडातलं खनिज आम्लाने काढून टाकलं, उरलेला मऊ भाग सशाच्या स्नायूत ठेवला, तर तिथे नवं हाड उगवलं. म्हणजे हाडात असं काहीतरी प्रथिन असतं की जे शेजारच्या पेशींना "हाड बांधा" असा हुकूम देतं. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिंडा डेमर आणि क्रिस्टीना बोस्ट्रॉम यांच्या गटाला नेमकं तशा कुळातलं एक प्रथिन माणसाच्या कठीण झालेल्या धमन्यांत सापडलं. धमनीच्या भिंतीतल्या पेशी ताटलीत वाढवल्या तर त्यांनी हाडाच्या पेशींसारख्या कॅल्शियमच्या गाठी केल्या. पुढे शस्त्रक्रियेत काढलेल्या हृदयाच्या झडपा तपासल्या गेल्या, त्यातल्या काहींत पक्कं, थरांचं हाड निघालं, आत मज्जेच्या पेशींसकट. फिरखो सव्वाशे-दीडशे वर्षं आधी जे म्हणाला ते लोकांनी पुन्हा काढून वाचलं.

१९९७ मध्ये जेरार कार्सेंटी यांच्या गटाने उंदरातलं एक प्रथिन काढून टाकलं, मॅट्रिक्स ग्ला प्रथिन. उंदीर जन्मले ठीक, पण दोन महिन्यांच्या आत मेले. त्यांच्या धमन्या चुन्याच्या नळ्या होऊन फुटल्या होत्या. याचा अर्थ असा की आपल्या रक्तात आणि ऊतींत एवढं कॅल्शियम आणि फॉस्फेट आहे की पहारा उठला तर ते जमायला लागतं. आपण मऊ आहोत ते कुणीतरी सतत राखण करतंय म्हणून.

आता अटॅकनंतरच्या व्रणाचं बघू. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसमध्येच, अर्जुन देब यांच्या प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध आला, पहिलं नाव इंदुलेखा पिल्लई. त्यांनी उंदराच्या हृदयातल्या फायब्रोब्लास्टना जनुकीय खूण केली, म्हणजे त्या पेशी पुढे काहीही झाल्या तरी ओळखता याव्यात. मग हृदयाला इजा केली आणि जिथे कॅल्शियम साचलं तिथे पाहिलं. खनिजाभोवती खूण केलेल्या पेशी होत्या, आणि त्या हाड बांधणाऱ्या पेशींसारख्या वागत होत्या. जे गवंडी भिंत सावरायला आले, त्यांच्यातलेच काही हाड बांधायला बसले होते.

त्यांना कामाला लावणारं एक एन्झाइम सापडलं, ईएनपीपी-१. आणि इथे खरा गुंता आहे. हे एन्झाइम पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ तयार करतं, आणि पायरोफॉस्फेट तर कॅल्शियमचे कण धरू देत नाही! २००३ मध्येच कळलं होतं की ज्या बाळांत हे एन्झाइम जन्मतः नसतं त्यांच्या धमन्या तान्हेपणीच कठीण होतात. मग तेच एन्झाइम जास्त झालं तर हृदय कठीण का व्हावं? कारण शेजारी दुसरं एक एन्झाइम असतं, ते पायरोफॉस्फेट तोडून त्याचं साधं फॉस्फेट करतं. पायरोफॉस्फेट टिकलं तर पहारेकरी, तुटलं तर बांधकामाला विटा. एकाच मालाचा उपयोग कुठे आणि कुणाच्या हाती पडतो यावर सगळं ठरतं. मला स्वतःला हा मुद्दा कळायला दोन दिवस लागले, तेव्हा एका वाचनात नाही उमगला तर वाईट वाटून घेऊ नका.

त्या संशोधकांनी ईएनपीपी-१ ला अडवणारी रसायनं दिली तेव्हा उंदरांच्या हृदयातलं कॅल्सिफिकेशन कमी झालं. एटिड्रोनेट नावाच्या जुन्या औषधानेही कमी झालं. या औषधाचं कूळ पाहण्यासारखं आहे. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना माहीत आहे, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. कारखान्यांच्या नळांत आणि बॉयलरमध्ये हा थर चढू नये म्हणून पाण्यात घालायच्या रसायनांत पायरोफॉस्फेटसारखे पदार्थ फार पूर्वीपासून वापरात होते. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या हर्बर्ट फ्लाइशने दाखवलं की माणसाच्या लघवीत आणि रक्तातही पायरोफॉस्फेट असतं आणि तिथेही ते हेच काम करतं. पण औषध म्हणून दिलं तर एन्झाइम ते तोडून टाकतात. म्हणून त्याच्यासारखाच, पण न तुटणारा रेणू हवा होता. तो म्हणजे बिसफॉस्फोनेट, आणि त्यातला माणसाला दिलेला पहिला म्हणजे एटिड्रोनेट. ज्यात अंगभर स्नायूंचं हाड होत जातं अशा एका दुर्मीळ आजाराच्या मुलाला ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस दिलं गेलं होतं.

हे सगळं उंदरांतलं. अटॅक आलेल्या माणसाला एटिड्रोनेट द्यावं, असं या कामावरून सिद्ध होत नाही, आणि हेच औषध शरीरातल्या खऱ्या हाडांवरही परिणाम करतं, तेव्हा दुकानात जाऊन मागू नका. काळजातलं हाड थांबवायचं आणि मांडीतलं सोडायचं, हे रेणूला समजावणं सोपं नाही.

मामांना मी हे फोनवर सांगितलं, अर्थात एवढं लांबण न लावता. त्यांच्या डॉक्टरांनीही तपासून सांगितलं की रक्तातलं कॅल्शियम ठीक आहे, दूध प्या, हृदयाच्या गोळ्या चुकवू नका, ठोके चुकल्यासारखे वाटले तर लगेच या. दूध सुरू झालंय. पानातला चुना मात्र मामींनी सुरू होऊ दिला नाही, त्या म्हणतात की दात तरी वाचतील.